वीतभर ओटा

मावशींच्या घरात खुर्ची नव्हती. प्लास्टिकचीसुद्धा नव्हती. पनवेलच्या जुन्या गावठाणात स्वतःचं तीन मजली घर, तळमजल्यावर त्या एकट्या, वर आम्ही भाडेकरू. आणि त्यांच्याकडे येणारा माणूस नगरसेवक असो की मीटर बघायला आलेला वायरमन, त्याला जमिनीवर बसावं लागायचं. कुणी गुडघ्यांचं कारण पुढे केलं की मावशी म्हणायच्या, "मंग उभ्यानं काय काम हाय ते सांग, न् जा." बहुतेक लोक गुडघे विसरून बसायचे.

दुसऱ्याच्या घरीही त्यांचा हाच खाक्या. एकदा त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी समोरचं स्टूल दाखवलं. मावशींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. लुगडं सावरत त्यांनी सरळ फरशीवर फतकल मारली, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "बघ." डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले, उकिडवे बसले आणि पायाच्या शिरा तपासू लागले. शिरा निळ्या, गाठी पडलेल्या. "फार वेळ उभं राहायचं नाही, मावशी. बसायला हरकत नाही, उभं राहणं बंद," ते म्हणाले. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आयकलंस? शिकलेला मानूस बोलतोय."

मी त्यांच्याकडे पहिल्या मजल्यावर चार वर्षं राहिलो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. काम काय करतोस, एवढंच विचारलं. मी खारघरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. इमारतींचे नकाशे काढतो, असं सांगितलं.

"म्हंजे रेघा मारनारा."

"हो, तसंच."

"ज्या जाग्यावर रेघ मारतोस तिथं जातोस का कवा?"

"साइटवर जातो ना. आठवड्यातून एकदा."

"मंग ऱ्हा," म्हणाल्या आणि किल्ली दिली.

या मुलाखतीचा अर्थ मला पुढे सहा महिन्यांनी कळला. मावशींचं माहेर खाडीकडच्या गावातलं. बाप मिठागरात कामाला, भाताची थोडी खाचरं घरची. जमिनी घ्यायला सरकारी माणसं आली तेव्हाचं त्या सांगायच्या, "सायब खुर्चीवर बसलेला. म्होरं टेबल, टेबलावर नकशा. आमी सगली उनान उभी. त्यानी पेनान रेघ मारली. हे गेलं, हे गेलं, हे ऱ्हायलं. एकदा पन उठून बांधावर आला नाय." त्या दिवसानंतर त्यांनी खुर्ची बघितली की तोंड फिरवायचं ठरवलं असावं. मला त्या माझ्या नावानं कधीच हाक मारत नसत. "नकशेवाल्या" म्हणायच्या. त्यात माया किती आणि राग किती, याचा हिशेब मी शेवटपर्यंत लावू शकलो नाही.

मला बोलवायची त्यांची रीत म्हणजे खालून बांबूनं छत ठोकणं. एक ठोका म्हणजे पाणी आलं, टाकी भरून घे. दोन ठोके म्हणजे खाली ये. तीन ठोके म्हणजे आधीच्या दोन ठोक्यांना आला नाहीस, आता ये आणि बोलणी खा. माझ्या खोलीतल्या फरशीची एक लादी या बांबूनं सैल झाली होती आणि ती दुरुस्त करायचा विषय मी कधी काढला नाही.

मावशींचा मुलगा मोठा बिल्डर. खारघरला टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहायचा. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्यावर माझा राग दिसेल. आईवर त्याचा जीव होता. पण त्याच्या जिवाचं एक ठरलेलं रूप होतं: आईनं खारघरला यावं, एसीत बसावं, नातवंडं खेळवावीत, आणि तळमजला रिकामा झाला की तिथे रस्त्याच्या बाजूनं शटर टाकून दुकान काढावं. मावशी दर वेळी म्हणायच्या, "माजी चूल हाय तवर मी हितं." मुलगा हसून सोडून द्यायचा. पण ते वाक्य त्याच्या लक्षात राहिलेलं होतं. चूल गेली की आई येईल, एवढं त्याला त्यातून समजलं होतं.

आता चुलीचं सांगतो. घर बांधलं तेव्हाच मुलानं खालच्या स्वयंपाकघरात काळ्या कडाप्प्याचा उभा ओटा करून दिला होता. मावशींनी त्यावर टीव्ही ठेवला होता. टीव्हीशेजारी मिठाची बरणी, पापडांचे डबे, देवाचं कॅलेंडर. स्वयंपाक त्या खाली, ओट्याच्या पायाशी, पाटावर बसून करायच्या. शेगडी एका लाकडी फळीवर, शेजारी उंच सिलिंडर. गॅस एजन्सीचा माणूस दरवर्षी येऊन ओरडायचा की शेगडी सिलिंडरच्या वर पाहिजे, हा धोका आहे. मावशी त्याला पाणी द्यायच्या आणि खाली बसवायच्या. तो बसून ओरडायचा.

मग आमच्या गल्लीत पाइपचा गॅस आला. सिलिंडरची कटकट संपली, तसं मावशींच्या डोक्यात आलं की आता स्वयंपाकघर नव्यानं करायचं. ओटा नवा, दगड नवा, सगळं नवं. आणि ओटा आपल्या बसण्याच्या बेताचा. दोन ठोके पडले, मी खाली गेलो, आणि दगड आणायला माझ्याबरोबर चल, असा हुकूम झाला.

मुलगा म्हणाला, "आये, दगड कशाला विकत? माझ्या साइटवर काला ग्रॅनाइट उरलाय. एक नंबर माल हाय. उद्याच पाठवतो."

"उरलेलं मी जलमभर खाल्लं," मावशी म्हणाल्या. "तुजा बाप जेवला का मंग, तुमी जेवलात का मंग. दगड तरी मना नवा आनू दे."

माझी मान खाली गेली, कारण आदल्याच दिवशी त्यांनी ठेवलेला माशाचा मधला तुकडा मी काही न विचारता खाल्ला होता.

कळंबोलीला हायवेच्या कडेला एक दगडांचं शोरूम होतं. काच, एसी, आत उभ्या करून ठेवलेल्या लाद्या. मावशी चपला बाहेर काढून आत गेल्या. हातात कापडी पिशवी. त्यात हळदीची पुडी, कोकमाच्या आगळाची बाटली आणि मूठभर सुकट. सुकटीचा वास एसीत फार लवकर पसरतो.

टाय लावलेला सेल्समन पुढे आला. "मॅडम, हा बघा क्वार्ट्झ. एकदम टॉप सेलिंग. सगळे आजकाल हेच घेतात."

मावशींनी लादीवर आधी तळवा ठेवला, मग वाकून गाल टेकवला. दोन-तीन मिनिटं तशाच राहिल्या. शोरूममधलं एक जोडपं बघत उभं राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी गाल न उचलता म्हणाल्या, "थंड हाय. पन येवढा गुलगुलीत कसा? हा कनच्या डोंगराचा?"

"डोंगरातला नाही मॅडम, फॅक्टरीतला. म्हणजे बघा, दगडाचा चुरा असतो, तो डिंकासारख्या केमिकलमध्ये मिक्स करून मशीनमध्ये दाबतात."

"न् चुरा कोनी केला?"

सेल्समनला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "तो... मिळतो, मॅडम. खाणीतून."

मावशी सरळ झाल्या. त्यांच्या माहेरासमोरचा डोंगर विमानतळासाठी सपाट केला, ते त्यांनी पाहिलं होतं. सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी कशी वाजायची, ते त्या नेहमी सांगायच्या. आता या काय बोलतात, या धास्तीनं मी इकडेतिकडे बघायला लागलो. मनात म्हटलं, संपलं, आता नैसर्गिक ग्रॅनाइट बघायला लागणार.

"चुरा तर झालेलाच हाय," मावशी म्हणाल्या. "त्याचा परत दगड केलाय ना कोनी? आमचं गाव पन असंच उठवलं, न् दुसरीकरं नेऊन बसवलं. चुराच तो. पन चुली पेटल्या ना तिथं पन? मंग दे मना हाच."

सेल्समनला गावाचं काही कळलं नाही, पण शेवटचं वाक्य कळलं. त्यानं लगेच वही काढली. मावशींनी ती बंद करायला लावली. आधी तुकडे दे, म्हणाल्या, घरी नेऊन बघते. आणि एसीत उभं राहून पाय भरून आले म्हणून तिथेच, चकचकीत फरशीवर, मांडी घालून बसल्या. नमुन्याचे आठ तुकडे बांधून होईपर्यंत गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती.

ते आठ तुकडे घराच्या पायरीवर ओळीनं मांडले गेले. प्रत्येकावर एका कोपऱ्यात हळद, दुसऱ्यात आगळ, तिसऱ्यात बोंबलाचं पाणी. मधोमध तापलेला तवा, दहा मोजेपर्यंत. मी वहीत नोंदी करायच्या आणि त्यांनी नाक लावून बघायचं. गल्लीतल्या बायका येता-जाता आपलं मत देत होत्या. सगळ्यांचं मत एकच, की काही घ्या पण पांढरा नको, हळद लागली की गेला.

मावशींनी पांढरा घेतला. करड्या बारीक रेषांचा. हळदीचा पिवळा डाग राहिला होता, तो साबण लावून दोन दिवस उन्हात ठेवल्यावर बराच गेला. मी म्हटलं, "मावशी, काळा बरा पडतो. घाण दिसत नाही."

"दिसत नाय म्हंजे गेली का? तिथंच ऱ्हाते. मना दिसाला पायजे. माशाचा खवला पडला तर मना दिसाला पायजे."

"आणि तवा? इथे बघा, डाग पडलाय. हा दगड भाजतो."

"मी तव्याला हात लावला तर मी पन भाजते. तव्याची जागा शेगडीवर."

एवढं शास्त्रशुद्ध उत्तर मला आमच्या ऑफिसात कुणी दिलं नव्हतं. तिथे आम्ही गिऱ्हाइकाला दगड निवडून द्यायचो तो फोटोत कसा दिसतो त्यावरून.

आता मी माझ्या चुकीवर येतो. ही चूक कुणी माझ्यावर लादली नाही, ती मी शुद्धीत, स्वतःच्या हातानं केली. मावशींनी मला ओट्याचा नकाशा काढायला सांगितला. लांबी-रुंदी झाली, मोरीची जागा ठरली. उंची विचारली तेव्हा त्यांनी हाताचा पंजा ताणला, अंगठा जमिनीवर टेकवला आणि करंगळी वर ठेवली. "येवढा."

"मावशी, ही एक वीत झाली. नऊ इंच."

"मंग?"

मी मान डोलावली, वर गेलो आणि नकाशात तेहतीस इंच लिहिले.

का लिहिले? एक तर सवय. आमच्या ऑफिसात ओट्याची उंची कुणी काढत नाही, ती आधीच काढलेली असते. बाई उभी राहूनच स्वयंपाक करणार असं धरून आम्ही अर्ध्या खारघरची स्वयंपाकघरं काढली होती. आयुष्यात मी एक भाकरी थापली नव्हती, पण शेकडो बायकांनी कुठे हात टेकायचा ते मी ठरवलं होतं. दुसरं म्हणजे त्याच संध्याकाळी मुलगा जिन्यात भेटला. "तुम्ही शिकलेले आहात," तो म्हणाला. "आईला काय समजतं? एवढा महागाचा दगड काय जमिनीवर घालायचा? चांगला उभा ओटा काढा. लोक हसतील नाहीतर." शिकलेले म्हटलं की मी विरघळतो. मला वाटलं, आत्ता रागावतील, पण ओटा झाल्यावर म्हातारी खूश होईल.

त्या दिवसांत मावशी बहिणीकडे उरणला गेल्या होत्या, आठ दिवसांसाठी. गवंडी लागला. जुना कडाप्पा निघाला, नव्या विटांच्या भिंती तेहतीस इंच उभ्या राहिल्या, वर दगडाच्या मापाचा प्लायवूड टाकून ठेवला. मुलगा येऊन बघून गेला. प्लायवूडवर हात फिरवत, अगदी साध्या सुरात म्हणाला, "बरं झालं. आता हिला उभं तर राहता येत नाही. पंधरा दिवसांत स्वतःच म्हणेल, मला घेऊन चल."

मी तिथेच उभा होतो. डॉक्टरांच्या समोरही मीच उभा होतो. तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ओटा काढला नव्हता, मी त्यांना त्यांच्या घरातून बाहेर काढायचा नकाशा काढला होता. पण त्या वेळी मी गप्प राहिलो, हेही लिहून ठेवतो.

मावशी परत आल्या त्या दिवशी दोन ठोके पडले नाहीत. एकच पडला. मी पाण्याचा समजून टाकी बघायला गेलो, टाकी भरलेली होती. मग खाली गेलो.

मावशी नव्या भिंतींच्या पायाशी पाटावर बसल्या होत्या. ओट्याची कड त्यांच्या डोक्याच्या वर. हातात माझा नकाशा. वाचता येत नसलं तरी माझी सही त्या ओळखत होत्या, भाडेकरारावर बघितलेली.

"बस," त्या म्हणाल्या. मी बसलो. "टेप काढ. माजा कोपर जमिनीपासून किती?"

मी टेप लावली. "नऊ इंच."

"परत मोज."

"नऊ इंच, मावशी."

"मंग तू कोनाचा हात मोजलास?"

मुलगा म्हणाला होता वगैरे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. मावशी ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या सावकाश बोलत होत्या.

"मिठागरान उभं ऱ्हाऊन पाय गेले. बाजारान टोपली घेऊन उभी. त्या सायबाच्या म्होरं उभी. नवऱ्याची मानसं आली का दारान उभी. येकच जागा व्हती, चुलीपाशी, तिथं मी बसायची. बसून दहा मानसांना वाढलं. ती पन तू काढून घेतलीस? न् इचारलं पन नाय?"

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली न ऐकल्यासारखी केली. भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "माफी ठेव तुज्याकरं. हे काढ."

रविवारी मी ते काढलं. गवंड्याला बोलावलं नाही. त्याच्याकडून फक्त हातोडा आणि छिन्नी मागून घेतली. पहिल्या चार विटांतच तळहाताला फोड आले. मावशी उंबऱ्यात बसून भाजी निवडत होत्या आणि मधून मधून "त्या कोपऱ्यान ऱ्हायलं" एवढंच सांगत होत्या. दुपारी मुलाचा फोन आला, कुणीतरी त्याला कळवलं होतं. "तुम्हाला कुणी सांगितलं तोडायला?" त्याचा आवाज चढला होता. मी म्हटलं, "चूक मी केली होती, मीच काढतोय. हे घर आईंच्या नावावर आहे आणि हात पण त्यांचेच आहेत." जन्मात पहिल्यांदा मी एका बिल्डरचा फोन आधी ठेवला. त्याची आमच्या ऑफिसात ओळख होती. नोकरी जाते की काय, अशी भीती वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

त्यानंतर दगड बसवायला राजस्थानी कारागीर आला. त्यानं माप बघून मला विचारलं, "नऊ इंच? भाईसाब, पुढचा आकडा लिहायचा राहिला काय?" मी सांगितलं, बरोबर आहे. त्यानं मावशींना विचारलं. मग पुन्हा मला विचारलं. शेवटी त्यानं कागदावर माझी सही घेतली की नंतर तक्रार चालणार नाही. या वेळी मावशींनीही अंगठा उठवला, न मागता. गॅसचा पाइप जोडायला आलेला माणूस दारातून चौफेर बघत म्हणाला, "ओटा झाला की फोन करा." मावशी म्हणाल्या, "पायाखाली बघ."

तो ओटा मी डोळे भरून बघितला. जमिनीपासून वीतभर उंच, पांढरा, खिडकीतला उजेड अंगावर घेऊन सबंध भिंतीलगत पसरलेला. मधोमध मावशींचा पाट. डावीकडे पीठ आणि मीठ, उजवीकडे शेगडी, हात मागे केला की मोरी. तांदळाच्या पिठाची गरम उकड त्या थेट दगडावर ओतायच्या, पाण्याचा हात लावून मळायच्या आणि तिथेच भाकरी थापायच्या. एकदाही उठत नव्हत्या. आम्ही ऑफिसात स्वयंपाकघरातली पावलं वाचवायला संगणकावर तासन्‌तास घालवायचो. इथे पावलंच नव्हती. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही वाटली, दोन्ही एकदम.

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. कुणी हसल्या, कुणी दगडाची तारीफ केली. एक शेजारीण म्हणाली, "येवढा भारी दगड, न् खाली?" मावशी म्हणाल्या, "भारी हाय म्हनून तर माज्या हाताखाली घातलाय. डोक्यावर काय करू?"

मुलगा मात्र आला नाही. महिना गेला, दुसरा गेला. मावशी त्याचं नाव काढत नव्हत्या, पण दर रविवारी बारीक कोळंबीचा जवळा करायच्या, आणि जवळा आवडायचा तो त्यालाच. उरलेला मला मिळायचा. दोन ठोके, ताट, आणि "खा" एवढंच. अशा एका रविवारी मी पाटावर बसून जेवत असताना गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला. मुलगा बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आये, झाला तुजा हट्ट पुरा. आता पिशवी भर. गाडी बाहेर हाय."

मावशींनी मान वर केली नाही. भाकरी थापत राहिल्या.

"हे बघ, मी पन विचार केलाय," तो मऊ झाला. "तिकडं बाल्कनी बंद करून घेतो. असाच ओटा बसवतो. हाच दगड, हीच उंची. नकाशा हे काढतील." त्यानं माझ्याकडे हात केला.

खरं सांगतो, मला ते पटलं. क्षणभर वाटलं, काय वाईट आहे? ओटा मिळतोय, लेक मिळतोय, नातवंडं मिळतायत. मी मावशींकडे बघितलं.

"तुज्या घरान माजा वोटा, म्हंजे तुजाच वोटा," मावशी म्हणाल्या. "उद्या सुनंला अडचन झाली, तर काढशील."

"नाय काढनार."

"हितली माजी जागा काढलीवतीस ना? मी उरनला गेलेली तवा. मना न इचारता."

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा ना. काढाल ना नकाशा?"

माझ्या हातात घास होता. "नाही," मी म्हणालो. "मी काढणार नाही. त्यांचा ओटा झालेला आहे."

बाहेर हॉर्न वाजायला लागले. गल्ली अरुंद, त्याची गाडी आडवी, मागे टेम्पो अडकलेला. कुणीतरी शिवी दिली. मुलगा दारातच. मावशी पहिल्यांदा वर बघत म्हणाल्या, "उभ्यानं बोलू नको. माजी मान दुखते. बसून बोलाचं आसंल तर बस, नायतर गाडी काढ, लोकांना जाऊ दे."

तो वळला आणि निघून गेला. दार आपटलं, इंजिन चालू झालं, गाडी गेल्याचा आवाज आला. टेम्पोही गेला. गल्ली शांत झाली. मावशींचा हात भाकरीवर होता, पण फिरत नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांचा हात असा थांबलेला मी कधी बघितला नव्हता. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी उठून ती उलटावी की नाही, मला ठरवता येईना. त्यांनी हरायचं नाही असं ठरवलं होतं, आणि जिंकण्यात मुलगा जाईल हेही त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी हाक मारली नाही.

मग बाहेर पायरीवर बूट काढल्याचा आवाज झाला. गाडी कोपऱ्यावर लावून तो चालत आला होता. पायमोज्यांनी आत आला, आजूबाजूला बघितलं. टेकायला काहीच नव्हतं. त्यानं पट्टा सैल केला, एक हात भिंतीला लावला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि दम टाकत ओट्यासमोर मांडी घातली. आईच्या आणि त्याच्या डोळ्यांची उंची एक झाली. पिशवीचं नाव कुणी काढलं नाही.

मावशींनी करपलेली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि त्याला विचारलं, "किती खाशील?"

"तीन," तो म्हणाला.

त्यांनी बसल्या जागेवरून पिठाच्या डब्याला हात घातला.